मत थेट, पैसा वळशाने



मी भिलाईच्या खुर्सीपारमधून बोलतो आहे. ही भाषणं नागपूर-पुण्यापासून इंदूर, बेळगाव, हैदराबादपर्यंत ऐकली जातात, म्हणून आधी आमच्या गावाची थोडी ओळख करून देतो. भिलाई हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं इथे आली. खुर्सीपार ही त्या माणसांची वस्ती. छत्तीसगढी, तेलुगू, उडिया, भोजपुरी, हिंदी आणि आपली मराठी, असं सगळं एका गल्लीत ऐकायला मिळतं. इथल्या नगर निगमाच्या झोनचं नाव शिवाजी नगर आहे, हे ऐकून महाराष्ट्रातल्या मंडळींना बरं वाटेल.

आजचा विषय तसा रुक्ष वाटणारा आहे. महापौर कोणी निवडायचा, आणि महापौराच्या हातात पैसा कुठून यायचा? विधानसभांमध्ये पहिल्या प्रश्नावर तासन्‌तास खडाजंगी होते. दुसऱ्या प्रश्नाची पाळी येते तेव्हा सभागृह थकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय अर्धवट राहतं, आणि त्या अर्धवटपणाची किंमत खुर्सीपारसारख्या वस्तीला मोजावी लागते.

शब्दांचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो. तुमची महानगरपालिका म्हणजे आमचं नगर निगम. तुमचा नगरसेवक म्हणजे आमचा पार्षद. घरपट्टी म्हणजे संपत्तिकर. सफाई-दिवाबत्तीचा जो कर असतो त्याला इथे समेकित कर म्हणतात. आणखी एक फरक. महाराष्ट्रात महापौराचं पद बरंचसं मानाचं. कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आणि स्थायी समितीकडे. इथे महापौर आपली समिती नेमतो, तिला मेयर इन कौंसिल म्हणतात, आणि कामांची मंजुरी ठरावीक मर्यादेपर्यंत तिच्याकडे असते. म्हणजे इथला महापौर कोण, याला जास्त अर्थ आहे.

आता खुर्चीची गोष्ट बघू.

छत्तीसगडमध्ये महापौर आणि नगरपालिकांचे अध्यक्ष जनता थेट निवडत होती. एवढंच नव्हे, तर त्यांना मधेच खाली उतरवण्याची सोयही होती. तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली की लोकांचं मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, भरी कुर्सी आणि खाली कुर्सी. 2008 मध्ये अशा मतदानातून तीन नगराध्यक्ष घरी गेले. नवागढ आणि गुंडरदेही ही त्यातली दोन गावं तेव्हा आमच्याच दुर्ग जिल्ह्यात होती, तिसरं सरगुज्यातलं राजपूर. देशात फार थोड्या ठिकाणी असा अधिकार लोकांनी प्रत्यक्ष वापरलेला आहे.

मग 2019 आलं. राज्यातल्या काँग्रेस सरकारने कायदा बदलला. महापौर पार्षदांनी निवडायचा असं ठरलं, आणि मतदान यंत्राऐवजी मतपत्रिका आली. भिलाईत 20 डिसेंबर 2021 रोजी मतदान झालं ते याच पद्धतीने. आम्ही 70 प्रभागांतून 70 पार्षद निवडले आणि त्यांनी महापौर निवडला. डिसेंबर 2024 मध्ये भाजप सरकारने पुन्हा थेट निवडणूक आणली. फेब्रुवारी 2025 मध्ये रायपूर, दुर्ग, बिलासपूरसह 10 निगमांत लोकांनी थेट महापौर निवडले, पुन्हा यंत्रावर. भिलाईची मुदत वेगळी असल्यामुळे आमची पाळी तेव्हा आली नाही. म्हणजे नाल्यापलीकडच्या दुर्गच्या मतदाराने महापौर थेट निवडला आणि आमचा महापौर अजून पार्षदांनी निवडलेला. राज्य एक, कायदा एक, पण शेजारी-शेजारी दोन शहरं दोन पद्धतींची.

महाराष्ट्रातल्या मंडळींनी हसू नये, कारण तुमच्याकडे हेच झालं आहे. 2001 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून आला. 2006 मध्ये ती पद्धत गेली. 2016 मध्ये परत आली, पुढच्या वर्षी सरपंचही थेट झाला. 2020 मध्ये दोन्ही गेलं. 2022 मध्ये दोन्ही परत आलं. प्रभागाचंही तेच. एक सदस्य, तीन सदस्य, चार सदस्य. सरकार बदललं की प्रभागाचा आकार बदलतो. मध्य प्रदेशातही 2019 मध्ये महापौराची थेट निवडणूक काढली गेली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली गेली.

दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे, हे मान्य करायला हवं. थेट निवडणुकीच्या बाजूचे म्हणतात, पार्षदांच्या हाती निवड दिली की निकालानंतर सहली निघतात, फोडाफोडी होते, आणि ज्याला लोकांनी कधी महापौर म्हणून पाहिलं नाही तो महापौर होतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचं आलं की पाच वर्षं नुसती ओढाताण चालते, अंदाजपत्रक अडकतं, आणि शहरभर प्रचार करायला पैसेवालाच लागतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण गंमत बघा, कोणता पक्ष कधी काय म्हणतो हे बहुतेक वेळा तो सत्तेत आहे की विरोधात, आणि शहरात त्याचं काय चालतं, यावरून ठरतं. आपण मतदारांनी निदान एवढं विचारावं की ज्याला निवडायचं त्याच्या तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?

इथे घटनेकडे वळावं लागेल. डिसेंबर 1992 मध्ये संसदेने 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्याआधी 1989 मध्ये अशीच विधेयकं राज्यसभेत पडली होती. शहरांसाठीची 74वी दुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने काही गोष्टी बंधनकारक केल्या. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी जागा. या सगळ्या तरतुदींची भाषा ‘असेल’, ‘होईल’ अशी आहे.

पैशाच्या कलमाशी आलं की भाषा बदलते. 243 एक्स हे ते कलम. त्यात म्हटलं आहे की राज्याचं विधिमंडळ कायदा करून नगरपालिकेला कर बसवण्याचा अधिकार ‘देऊ शकेल’. देईलच असं नाही. कामांचंही तसंच. बाराव्या परिशिष्टात पाणी, रस्ते, स्वच्छता, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा अशी 18 कामं आहेत. तीही राज्य ‘सोपवू शकेल’. थोडक्यात, निवडणूक ही सक्ती झाली आणि पैसा ही मर्जी राहिली. सगळा तिढा या एका क्रियापदात आहे.

बरं, सक्ती असलेल्या निवडणुकीचंही काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या, आणि देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने चालवली. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचं अनुदान मिळत नाही, असाही नियम आहे. निवडणूक थांबली की पैसाही थांबतो तो असा.

आता या मर्जीचा इतिहास पाहू. त्यासाठी नागपूरला जावं लागेल, आणि ते आमच्यासाठी परकं नाही. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेचे 1937 ते 1952 या काळातले अध्यक्ष घनश्याम सिंह गुप्त हे दुर्गचे. त्याच विधानसभेत 1948 मध्ये स्थानिक कारभाराचा एक मोठा प्रयोग झाला. द्वारकाप्रसाद मिश्र यांची जनपद योजना. जिल्हा कौन्सिलं मोडून तहसील पातळीवर जनपद सभा आल्या.

त्यातल्या छिंदवाड्याच्या जनपद सभेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे कोळशाच्या खाणी. खाणभागातल्या जुन्या स्थानिक मंडळाने 1935 च्या सुमारास बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे 3 पै कर बसवला होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने 9 पै झाला. एका रुपयाच्या 192 पै होत, तेव्हा 9 पै म्हणजे एक आणाही नाही. तरी खाणवाले न्यायालयात गेले. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कर वाढवताना सरकारची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती, म्हणून वाढ बेकायदा. मध्य प्रदेश विधानसभेने 1964 मध्ये कायदा करून ती वसुली वैध ठरवायचा प्रयत्न केला. 1970 मध्ये तो कायदाही टिकला नाही. जमीन छिंदवाड्याची, खाण छिंदवाड्याची, रस्त्यावर धूळ छिंदवाड्याची. पण आणाभर कर वाढवायला परवानगी राजधानीची.

याच्या उलट एक निकाल आमच्या छत्तीसगडमधलाच आहे. कोरब्याला तेव्हा निगम नव्हतं, विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण होतं. त्याला ‘साडा’ म्हणत. भिलाईतही 1998 मध्ये निगम होण्याआधी साडाच होतं. कोरब्याच्या साडाने वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूरला मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीवर मालमत्ता कर लावला. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही केंद्र सरकारचे, केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा कर लागत नाही. घटनेच्या 285 व्या कलमात तशी सूट आहे हे खरं. पण 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शेअर सगळे सरकारचे असले तरी कंपनी ही कंपनी आहे. तिची मालमत्ता म्हणजे केंद्राची मालमत्ता नव्हे. कर भरावा लागेल.

पोलाद कारखान्याच्या शहरात राहणाऱ्या माणसाला या निकालाचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या शहरात सर्वांत मोठी जमीन आणि सर्वांत मोठ्या इमारती एका कंपनीच्या असतात, तिथे त्या कंपनीच्या कराचा हिशेब हा पालिकेच्या स्वावलंबनाचा कणा असतो. दुसरी बाजूही आहे. कंपनी आपल्या टाउनशिपमध्ये रस्ते, पाणी, दिवे स्वतःच्या खर्चाने बघते, तेव्हा तिने पूर्ण दराने कर का भरावा, हा प्रश्नही रास्त आहे. घटनेच्या 243 क्यू कलमात तर अशी वाट ठेवली आहे की उद्योग स्वतः नागरी सेवा देत असेल तर तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे नगरपालिका नसली तरी चालते. म्हणजे तिथे मतही नाही. भिलाईत मात्र टाउनशिप निगमाच्या हद्दीत आहे, मत आहे. हे जपण्यासारखं आहे.

खुर्सीपारमध्ये ही दोन्ही जगं एकमेकांना खेटून आहेत. एकीकडे कारखान्याची क्वार्टर्स, जिथली देखभाल कंपनीच्या नगर सेवा विभागाकडे. दुसरीकडे निगमाची वस्ती. रस्त्याच्या या बाजूचा दिवा एकाचा, त्या बाजूचा दुसऱ्याचा. अर्ज कुठे द्यायचा हे पत्त्यावरून ठरतं. पण मत मात्र दोन्ही बाजूंचे लोक एकाच महापौरासाठी देणार.

आता जकातीची गोष्ट, कारण पैशाचा वळसा तिथून सुरू झाला. हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर म्हणजे जकात, हिंदीत चुंगी. त्रासदायक होती, भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा लागत. हे सगळं खरं. पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता. कारखाना वाढला, बाजार वाढला, की जकात वाढायची. मध्य प्रदेशाने 1976 मध्ये जकात काढून राज्याचा प्रवेश कर आणला, आणि पालिकांना चुंगी क्षतिपूर्ती देणं सुरू केलं. तो शब्द आमच्या निगमाच्या अंदाजपत्रकात आजही आहे. विचार करा, जो कर जाऊन पन्नास वर्षं होत आली त्याची भरपाई आजही दर महिन्याच्या पगारासाठी वाट पाहण्याची गोष्ट असते.

मुंबईत जकात 1 जुलै 2017 पर्यंत राहिली, जीएसटी आला तेव्हा गेली. पण तिथे महाराष्ट्र विधिमंडळाने एक चांगली गोष्ट केली. भरपाई देण्यासाठी वेगळा कायदा केला आणि दरवर्षी 8 टक्के वाढ कायद्यातच लिहून टाकली. हा फरक लक्षात घ्या. भरपाई आदेशाने मिळाली तर ती मेहरबानी असते. कायद्यात दर लिहिला तर तो हक्क असतो. सभागृहातली चर्चा अशा कामाला लागली पाहिजे.

उलट उदाहरणही मुंबईचंच. 1 जानेवारी 2022 रोजी राज्य सरकारने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा केली. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला, त्याबद्दल कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण महापालिकेची मुदत संपायला दोनच महिने उरले होते. सूट जाहीर करणारं सरकार एक, तूट सोसणारी तिजोरी दुसरी. पक्ष कोणताही असो, हे दुसऱ्याच्या पाकिटातून दानधर्म करण्यासारखं आहे.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम काय? रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या अहवालात भारतातल्या नगरपालिकांचं उत्पन्न-खर्चाचं प्रमाण देशाच्या सकल उत्पन्नाच्या साधारण 1 टक्का दिलं आहे. ब्राझीलमध्ये ते 7 टक्क्यांच्या वर, दक्षिण आफ्रिकेत 6 टक्के. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी स्थानिक संस्थांना 4,36,361 कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा मोठा आहे. पण त्यातला बराच भाग ठरावीक कामांना बांधलेला. पाण्यासाठी आला तो पाण्यावर, कचऱ्यासाठी आला तो कचऱ्यावर. खुर्सीपारच्या नाल्याला भिंत हवी असेल आणि बांधलेला पैसा दुसऱ्या कामाचा असेल, तर थेट निवडून आलेला महापौरही हात वर करणार.

कोणी म्हणेल, पालिकांना पैसा दिला तर खातील. ही शंका जुनी आहे आणि उडवून लावण्यासारखी नाही. 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सावध केलं होतं की प्रौढ मताधिकार आणि दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसेल तर गावाच्या हाती दिलेली सत्ता मूठभरांच्या हाती जाईल. त्यांचा मुद्दा आजही लागू आहे. म्हणूनच मी म्हणतो की निवडणूक सुधारणा आणि पैसा ही जोडी आहे. पैसा द्यायचा तर निवडणूक वेळेवर, खुली आणि सर्वांना जागा देणारी हवी. आणि निवडणूक अशी घ्यायची तर निवडून आलेल्याच्या हाती खरंच काहीतरी हवं. नुसती थेट निवडणूक दिली आणि पैसा वळशानेच ठेवला, तर आपण अपेक्षा वाढवतो, ताकद नाही. लोक ज्याला थेट निवडतात त्याच्यावर थेट रागावतात. तो मग रायपूरला किंवा मुंबईला मंत्र्याच्या दारात उभा राहतो, आणि त्याचा पक्ष सत्तेत असेल तर काम होतं, नसेल तर नाही. शेवटी मतदार शिकतो काय, तर राज्यात जो आहे त्यालाच पालिकेत द्यावं. मग वेगळी पालिका निवडायचीच कशाला?

कायदा आहे तसाच राहिला, तर भिलाईच्या पुढच्या निवडणुकीत आम्ही महापौर थेट निवडू. तुमच्या गावातही आज ना उद्या निवडणूक येईल. उमेदवार दारात आला की त्याला रस्ता, नाली, पाणी विचाराच. त्यासोबत तीन प्रश्न विचारा.

पहिला, शहराच्या अंदाजपत्रकात स्वतःचं उत्पन्न किती आणि वरून आलेलं किती? अंदाजपत्रक सार्वजनिक असतं. त्यात संपत्तिकर, समेकित कर, जलकर, दुकानांचं भाडं, नकाशा मंजुरीची फी हे आपलं. क्षतिपूर्ती, मुद्रांक शुल्काचा वाटा, योजनांची अनुदानं हे वरचं. दोन रकाने मांडा, शहराची तब्येत कळेल.

दुसरा, शहरातल्या मोठ्या मालमत्तांचा कर किती ठरला आणि किती वसूल झाला? दोन खोल्यांच्या घराला नोटीस वेळेवर येते. मोठ्यांचं काय, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

तिसरा प्रश्न आमदाराला. घटनेच्या 243 वाय कलमाप्रमाणे राज्य वित्त आयोगाने दर पाच वर्षांनी पालिकांच्या पैशाचा आढावा घ्यायचा असतो, आणि त्याच्या शिफारशींवर काय केलं ते विधानसभेसमोर ठेवायचं असतं. तो अहवाल सभागृहात आला तेव्हा तुम्ही बोललात का? महापौर कसा निवडायचा यावर सगळे आमदार बोलतात. या अहवालावर कोण बोललं, हे कामकाजाच्या नोंदीत सापडतं.

माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात, हे आकड्यांचं काम आपलं नव्हे. पण कारखान्यात तीस-तीस वर्षं पाळीचा हिशेब ठेवलेली ही माणसं आहेत. पीएफच्या व्याजात रुपयाचा फरक पडला तर त्यांना कळतो. शहराचं अंदाजपत्रक त्याहून अवघड नाही. ते वाचायला चार जण एकत्र बसले, तरी पुढच्या निवडणुकीतली चर्चा बदलेल.